कासऱ्याचे वेढे

गोरेगाव, जिल्हा भंडारा
माघ शुद्ध दशमी, १९३४

प्रिय शालीकराम,

तुझं पत्र पोचलं. व्याही झाल्यापासून तुला 'अहो' म्हणायला हवं, चारचौघांत म्हणतोही. पण मोहाच्या झाडाखाली ज्याच्या मांडीला मांडी लावून कविता पाठ केल्या, त्याला पत्रात तरी मी 'तू'च म्हणणार. आठवतात ना त्या रणातल्या कविता? तू डोलायचास, मी पाटीवर ताल धरायचो, आणि पंतोजी डोळे मिटून ऐकायचे. त्यातला वीर किती देखणा पडायचा! एका ओळीत पडायचा, दुसऱ्या ओळीत त्याच्यावर फुलं. अजूनही संध्याकाळी धानाच्या बांध्यांवरून फिरताना त्या ओळी ओठांवर येतात आणि तेवढ्यापुरता मी पोरगा होतो. पण तुझी मागणी वाचली आणि, खोटं कशाला सांगू, मला शिसारी आली.

शिवरात्रीच्या शंकरपटाला तुझ्या थोरल्या खुशालला जाऊन वर्ष होईल, म्हणून मी त्याच्यावर पोवाडा रचावा, पहिली जोडी सुटण्याआधी तो लोकांपुढे गायला जाईल, आणि मग त्याच बैलांना जुंपून यंदा तुझा धाकटा नंदलाल छकड्यावर बसेल, असं तू लिहितोस. "मास्तर असून पोरासाठी एवढंही करणार नाहीस काय?" असंही वर विचारतोस. बसलो होतो रे लिहायला. दोन कडवी झालीसुद्धा. रंगवलेली शिंगं आली, घुंगरं आली, धूळ आली. मग खुशालचं मनगट आलं, आणि मी टाक खाली ठेवला.

पट मलाही आवडायचा, हे तुला ठाऊक आहे. शर्यतीच्या जोड्या धावायची ती लांबच लांब दान, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि एवढ्याशा छकड्यावर उकिडवा बसलेला पोरगा. जोडी सुटली की छातीत काहीतरी उडायचं, ते मी नाकारत नाही. पण गेल्याच्या गेल्या वर्षी खुशाल अर्ध्या वाटेत पडला, जोडी रिकामीच पुढे गेली, तेव्हा काय झालं? पोरगा धूळ झटकत, हसत उठला होता. हातपाय धड होते. तुझ्या अंगणात नारळ फोडायचं सोडून लोक काय ओरडले? "पाटलाच्या पोराले बांगड्या भरा!" दुसऱ्या दिवशी कुणीतरी खरंच बांगड्या पाठवल्या, हिरव्या. माझ्या लेकीने, धुरपताने, त्या चुलीमागे लपवल्या, तरी नवऱ्याला दिसल्याच. तूही हसला होतास, शालीक. ते हसू फार मोठं नव्हतं. पण बापाचं होतं.

म्हणून गेल्या शिवरात्रीला त्याने कासरा मनगटाला तीन वेढे देऊन बांधला. सुटायचं नाहीच, असं ठरवून बसला. छकडा उलटला, आणि बैल त्याला निम्म्या दानीवरून फरफटत निशाणापार घेऊन गेले. मी धावत पोचलो तेव्हा माझ्या जावयाचं तोंड ओळखू येत नव्हतं. धसकटांत त्याचा एक दात पडला होता, तो मी उचलून बंडीच्या खिशात ठेवला. का ठेवला, मला सांगता येणार नाही. कवितेतल्या वीराचे दात पडत नाहीत.

आणि मग पंच भांडू लागले. पोरगा तिथे पडलेला, मी फेटा सोडून त्याच्या डोक्याखाली देतोय, आणि वर वाद रंगलाय, नंबर धरायचा की नाही. पंचांतला दुलीचंद म्हणाला, "कासरा मनगटाले होता ना? मंग हाकणारा जोडीसंगंच आला. नंबर पक्का." कुणी म्हणालं, "अजी, पन तो मेला ना!" त्यावर तो काय म्हणाला, अजून कानात आहे: "मेला, पन सुटला तं नाही!" लोक हसले. भजेवाल्याची कढई एकदाही खाली उतरली नाही. आणि तू? तू आधी बैलाच्या तोंडाचा फेस पुसलास, मग डोकं वाकवून मानाचा फेटा बांधून घेतलास. तेव्हा वाटलं, दुःखाने भान हरपलंय तुझं. वर्षभर तसंच समजत आलो. आता तुझ्या पत्रात वाचतो, "फेटा जपून ठेवला आहे, नंदलालच्या डोक्यावर बांधीन."

तू लिहितोस, माणसं हिवतापाने मरतात, सापाने मरतात, महामारीत तर रातोरात मरतात. त्यापेक्षा खुशाल दानीवर गेला, नाव राहिलं. मरतात रे. पण साप चावला तो माणूस धानाच्या रोवणीला गेलेला असतो. त्याचं मरण बघायला गाड्या जुंपून, बायकापोरं घेऊन, जिलबी खात कुणी बसत नाही. हिवताप कुणाला बांगड्या पाठवत नाही. आणि नाव कुठे राहिलं ते तरी सांग. गोंदियाच्या बाजारात लोक बैलांची नावं घेतात. "वो जोडी जिसने पाटील का लड़का घसीटा," असं म्हणून त्यांना भाव सांगतात. धुरपता ते ऐकून भाजी न घेताच परत आली. त्या दिवसापासून ती बाजाराला जात नाही.

पोवाडा मी लिहिणार नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल. तेवढ्यासाठी चार ओळींचं कार्डही पुरलं असतं. हे लांबलचक पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. काल दुपारी नंदलाल माझ्या दारात आला. सालेकशाहून गोंदियापर्यंत गाडीने, पुढे पायी. मी विचारलं, "काऊन रे बाबू, असा अचानक?" पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मामाजी, मी नाही बसत छकड्यावर. मले भेव वाटते. बाबूजीले तोंडानं सांगू नाही शकत, तुम्ही लिवा." मी म्हटलं, ताप आलाय असं कळवतो, तुझीही लाज राहील आणि बापाचीही. तर मान हलवून म्हणाला, "नाही. भेव वाटते असंच लिवा." म्हणून तसंच लिहितो आहे, शालीक: तुझा मुलगा भ्याला आहे. सगळ्या गावात एवढं बोलायची हिंमत अजून कुणाची झाली नव्हती. आत धुरपता त्याला वाढते आहे, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती कुणाला तरी "अजून घे" म्हणून रागावते आहे. शिवरात्र होईपर्यंत तो इथेच राहील. त्यानंतर न्यायला ये, पण ती जोडी जुंपून येऊ नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
केशव