बाईचा चाकू

सिंदी, ११ डिसेंबर १९५७

मोठ्या बहिणीचा, बाईचा, घडीचा चाकू आज माझ्या सायकलच्या दुकानात आणला. कापसाच्या जिनात डावा हात गेल्यापासून ती तो दातांनी उघडते. "दरवेळी कोणाला हाक मारायची?" म्हणते.

पात्याला भोक पाडायला गेलो, तर पोलाद फार कडक. मग चाकाच्या तारेचं पितळी टोपण पात्यावर डाख देऊन जोडलं, अंगठा अडकेल असं. तरी उघडेना. पातं धरून ठेवणारी आतली कमान घासून हलकी केली. पण किती घासावी? जास्त झाली तर पातं बोटांवरच मिटेल. दुपार त्यातच गेली. तिचे दात डोळ्यांपुढे होते, म्हणून सोडलं नाही.

संध्याकाळी तिला दिला. तिने अंगठ्याने सहज उघडला. मग म्हणाली, "उघडाचं पाह्यलं तू. बंद कसा करू?"

हे सुचलंच नव्हतं. मी हात पुढे केला.

"थांब जरा," म्हणाली. पात्याची पाठ मांडीवर टेकवून दाबली आणि चाकू मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

मांडीचं मला का सुचलं नाही? माझे दोन्ही हात शाबूत आहेत म्हणून?