तांबड्या खुणेची काडतुसे

मी, व्हर्ना इंगेबोर्ग स्कॉग, वय वर्षे एकोणऐंशी, कै. लॉइड स्कॉग यांची पत्नी, राहणार टिंबर फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि मला भरीस घालू शकेल असा माणूस आता जिवंतही नाही. माझी बुद्धी शाबूत असून माझी स्मरणशक्ती या खोऱ्यातल्या कोणाहीपेक्षा चांगली आहे. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. पुढच्या आठवड्यात बिलिंग्जला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

कलम एक. माझे घर, त्यामागची शेड आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी मुलगी कॉलीन हिला मिळावी. ती स्पोकेनला राहते आणि इथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने घर खुशाल विकावे. फक्त शेजारच्या हँक ड्रायरला विकू नये. त्याच्या बैलाने माझे कुंपण तोडले तेव्हा हा गृहस्थ मला म्हणाला होता, "व्हर्ना, कुंपणच कच्चं असेल तर मुका जीव काय करणार?" त्या मुक्या जीवाने माझी सगळी बटाट्याची बाग तुडवली होती. हँकने दुप्पट किंमत दिली तरी नको.

कलम दोन. बँकेतली शिल्लक कॉलीनला. त्यातला काही भाग चर्चच्या छपरासाठी द्यावा. नव्या ऑर्गनसाठी त्यातला एक पैसाही जाऊ नये, कारण आहे तोच ऑर्गन मार्लिसला धड वाजवता येत नाही. मार्लिस क्विग्ली माझी मैत्रीण आहे आणि या मृत्युपत्राची साक्षीदारही होणार आहे, तेव्हा तिने हे वाचावे आणि गप्प बसावे.

कलम तीन. शेडमधले सामान. हे कलम लांबेल, कारण माझे निम्मे आयुष्य तिथे गेले आहे.

माझ्या लग्नाच्या सुमाराला इथल्या हार्डवेअरच्या दुकानात अर्जेंटिनाच्या लष्कराच्या जुन्या बंदुका खोकीच्या खोकी भरून आल्या. स्वस्त होत्या आणि नेमही चांगला लागायचा. निम्म्या खोऱ्याने घेतल्या, माझ्या वडिलांनीही घेतली. काही वर्षांनी त्यांची काडतुसे यायची बंद झाली. बंदुका भिंतीवर लटकल्या आणि माणसे हळहळत बसली. मी हळहळत बसले नाही. थर्टी-ओ-सिक्स या नेहमीच्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या इथे कुठल्याही शिकारीच्या कॅम्पवर पायाखाली येतात. त्या वेचून आणून मी त्यांच्यापासून अर्जेंटिनाच्या बंदुकांच्या पुंगळ्या करायला शिकले.

काम असे असते. पुंगळीचे तोंड गॅसच्या ज्योतीवर तापवून पितळ मऊ करायचे. मग तिला लोकरीचे मेण चोळून प्रेसच्या साच्यात दाबायची. मेण कमी पडले तर ती साच्यात अडकते, जास्त झाले तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, पोचा येतो. बोटांना कळते किती लावायचे ते. खांदा मागे सरकला की वरची वाढीव लांबी करवतीने कापायची. इथपर्यंत कोणालाही जमेल. पण आता जो गळा तयार झाला, तो मुळात पुंगळीच्या पोटाचा भाग होता आणि तिथले पितळ जाड असते. तो गळा आतून खरवडून पातळ केलाच पाहिजे. नाही केला तर जोर लावून काडतूस बंदुकीत जाते, पण गळा चेंबरमध्ये घट्ट बसतो, गोळीला सुटायला जागाच राहत नाही, आणि मग सगळा दाब मागे, चाप ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो. वरून बघून काही कळत नाही. बुडावरचा शिक्का थर्टी-ओ-सिक्सच सांगत असतो, त्याचाही काही उपयोग नाही.

म्हणून माझी एक रीत आहे. गळा खरवडला, कॅलिपरने मोजला, खात्री झाली, की मगच पुंगळीच्या बुडाला नेलपॉलिशचे तांबडे कडे काढायचे. लॉइड म्हणायचा, "जन्मात कधी नखांना लावलं नाहीस, आणि पुंगळ्यांना लावतेस!" या खोऱ्यात कोणी कधी माझे काडतूस तपासून घेतलेले नाही. तांबडी खूण दिसली की माणसे डोळे मिटून बंदूक भरतात.

प्रेस, साचे, खरवडायची पाती आणि कॅलिपर हे सगळे ज्याला ही रीत पाळता येईल त्याला द्यावे. असा माणूस मला अजून दिसलेला नाही.

कलम चार. माझ्या वडिलांची बंदूक. ही माझ्या बहिणीच्या मुलाला, रॉडीला द्यायची असे मी त्याच्या आईला तिच्या शेवटच्या आजारात कबूल केले होते. आता देणार नाही. शेडमधल्या तिसऱ्या फळीवर कॉफीचा मोठा डबा होता. त्यात साच्यातून काढलेल्या, कापलेल्या, पण गळा न खरवडलेल्या पुंगळ्या होत्या. डबा आता रिकामा आहे. शेडमध्ये माझ्याशिवाय फक्त रॉडी जातो. त्याच्याकडे त्याच्या काकांची तशीच बंदूक आहे. फोनवर विचारले तर म्हणतो, "मावशी, मी कशाला चोरू?" आणि फोन ठेवून देतो. चोरीचे मला तितके वाईट वाटत नाही. त्या पुंगळ्या त्याने भरल्या तर काय होईल, या विचाराने मला झोप लागत नाही. मूर्ख असला तरी आमच्या घरचा आहे. रॉडीला काहीही मिळू नये.

इथपर्यंत मंगळवारी लिहिले होते. पुढचे आज, शुक्रवारी लिहीत आहे. कलम चार मी खोडलेले नाही. कोणाला वाचायचे असेल त्याने वाचावे आणि मला काय म्हणायचे ते म्हणावे.

बुधवारी दुपारी रॉडी लाकडे घेऊन आला. मी दार उघडेना.

"मावशी, दार उघड, नाहीतर सगळी लाकडं अंगणात टाकून जाईन. भिजली तर मला बोलायचं नाही."

मी दार उघडले आणि म्हणाले, "डबा कुठाय?"

"परत तेच! कुठला डबा?"

"कॉफीचा. पुंगळ्यांचा. नेलास ना?"

"अगं, ईस्टरला तूच मला दोन पेट्या भरून दिल्यास! वर म्हणालीस, यंदा तरी हरणाला लागू दे रे, झाडाला नको."

तो टोमणा माझाच होता. रॉडीला असले काही रचून सांगता आले असते तर तो एव्हाना सिनेटमध्ये असता. पण मला त्यातले काहीच आठवत नव्हते. पेट्या भरलेल्या आठवत नव्हत्या, दिलेल्या आठवत नव्हत्या.

"आण त्या पेट्या," मी म्हणाले. त्याच्या गाडीतच होत्या. दोन्ही माझ्याच, माझ्याच पद्धतीने बांधलेल्या. एक काडतूस काढून उलटे केले. बुडाला तांबडे कडे होते, स्वच्छ, एकसारखे. मग गळ्याला कॅलिपर लावले. गळा जाड होता. दुसरे लावले, तेही जाड. पेटीतले एकही खरवडलेले नव्हते. मी त्यांना खूण केली होती, दारू भरली होती, गोळी बसवली होती आणि माझ्या बहिणीच्या पोराच्या हातात दिली होती.

"झाडलीस का?" मी विचारले.

"नाही. एक घालून बघितलं, तर मागचा बोल्ट बंद होईना. वाटलं, बंदूक घाण झालीय. तूच सांगायचीस, जोर लावावा लागला तर थांब. तुला विचारणार होतो, पण तू फोनवर चोर म्हणालीस, मग माझंही डोकं फिरलं."

मी खाली बसले. रॉडीने पाणी दिले. त्याने मला दोष दिला असता तर सोपे गेले असते.

कलम पाच. वर मी स्मरणशक्तीबद्दल जे लिहिले आहे ते मागे घेते. आज या टेबलाशी बसले आहे तोवर मला सगळे स्वच्छ दिसते आहे आणि मी जे लिहिते आहे ते समजून लिहिते आहे. कालचे किंवा उद्याचे मी सांगू शकत नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. मला माझ्या हातांची भीती वाटते, कारण मी नसतानाही ते काम करत होते आणि इतके नीटनेटके करत होते की कोणाला शंका येऊ नये.

म्हणून शेडमधले प्रत्येक भरलेले काडतूस मोडून टाकावे. चांगले असेल तरी मोडावे. तांबड्या खुणेला इथून पुढे काही अर्थ नाही. बुधवारी आणि काल रॉडी आणि मी मिळून बरीचशी मोडली आहेत. उरलेली त्याने मोडावीत, मी कितीही आरडाओरडा केला तरी.

कलम सहा. यासाठी हे सगळे लिहीत आहे. तो डबा भरलेला असला की त्यात तीन पेट्यांच्या पुंगळ्या मावतात, आणि तो भरलेला होता. दोन पेट्या रॉडीकडे सापडल्या. तिसरी नाही. शेडमध्ये नाही, घरात नाही, गाडीत नाही, फ्रीजरमध्ये एल्क हरणाच्या सॉसेजखालीही नाही. मी ती कोणालातरी दिली आहे. वसंतात केव्हातरी दारात कोणी उभे होते, माझे आभार मानत होते, एवढे मला आठवते. चेहऱ्याच्या जागी काही नाही. दोन दिवस मी तो चेहरा शोधते आहे.

ज्या ज्या घरी ती बंदूक आहे तिथे आम्ही फोन केले. हँक ड्रायरलाही केला. सगळे म्हणाले, यंदा काडतुसे नेली नाहीत. धान्याच्या दुकानातला ओटिस बेनब्रिज म्हणाला, "व्हर्ना, मी तर दोन वर्षांत तुझ्याकडून काही नेलं नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." काही घरांत फोन कोणी उचललाच नाही. रॉडी गाडी घेऊन त्या घरांकडे गेला तर कुलपे, माणसे आधीच डोंगरात. उद्या पहाटे हरणाचा हंगाम सुरू होतो. या वर्षी बर्फ लवकर पडले आहे, हरणे खाली आली आहेत, आणि घरी बसून राहील असा एकही माणूस या खोऱ्यात नाही.

म्हणून माझ्या वडिलांची बंदूक, तिच्या अक्रोडी दस्त्यासकट, मी त्या माणसाला देते, ज्याच्याकडे माझी ती तिसरी पेटी आहे आणि जो ती न झाडता परत आणील. तो कोणीही असो. हँक असेल तर हँक. रॉडीला मी आधी विचारले. ती बंदूक त्याला लहानपणापासून हवी होती, हे मला माहीत आहे. तो म्हणाला, "देऊन टाक, मावशी. माणूस धड परत आला म्हणजे झालं."

कलम सात. प्रेस, साचे, पाती आणि कॅलिपर रॉडीला द्यावेत. जोर लावावा लागला तेव्हा तो थांबला. मी शोधत होते तो माणूस तो आहे, आणि हे मला त्याला चोर म्हटल्यावर कळले.

कलम आठ. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघत कपाटात ठेवू नये. सही झाली की मार्लिसने ते आज संध्याकाळी चर्चच्या जेवणात मोठ्याने वाचावे, ऑर्गनबद्दलच्या ओळीसकट. माझी लाज निघाली तर निघू द्या. आणि ज्याने ती पेटी नेली त्याला माझे सांगणे: तुझे नाव मला आठवत नाही, याबद्दल मला क्षमा कर. ती पेटी उघडू नकोस.

सही: व्हर्ना इंगेबोर्ग स्कॉग
स्थळ: टिंबर फोर्क, मोंटाना

साक्षीदार पहिली: व्हर्नाने हे माझ्यासमोर वाचून सही केली. ती पूर्ण भानावर होती आणि रडत होती. ऑर्गनबद्दल तिच्याशी नंतर बोलेन.
मार्लिस क्विग्ली

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. मी फोनवर नाही म्हणालो ते माझ्यापुरते खरे होते. आत्ता कलम सहा वाचून घरी फोन केला. बायको म्हणते, ईस्टरच्या सुमाराला आमचा मुलगा ट्रॅव्हिस व्हर्नाकडून तांबड्या खुणेची एक पेटी घेऊन आला होता. आज दुपारी ती पेटी आणि आजोबांची बंदूक घेऊन तो वरच्या कॅम्पवर गेला. तिथे फोन लागत नाही. रॉडी गाडी काढतो आहे. तारीख मार्लिसने घालावी, मी निघालो.
ओटिस बेनब्रिज

शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०१९