टेलवरचं नेट

४ जाने., रवि.
नातीचा, रेणूचा फोन आला, पुण्याहून, कॉम्प्युटरवर. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, तशीच अडकून बसली पडद्यावर. आवाज तुटत तुटत. "आबा, तुम्ही परत पुतळा झालात," एवढं समजलं. मग बंद. मी हलतच होतो. अडकते तीच.
थोड्या वेळाने भिंतीपलीकडून तिचं हसणं. जनार्दनकडे लावला होता. धाकटा भाऊ, भिंतीला भिंत. त्याचा कॉम्प्युटर नवा, माझा मुलाने टाकून दिलेला. ही तिकडे जाऊन बघून आली. "कशी लखलखीत दिसते पोरगी!" मी गेलो नाही. जेवण गेलं नाही.

६ जाने., मंगळ.
सापडलं. नेटची डबी खांबावर, ज.च्या फाटकासमोर. तार आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. म्हणजे मी टेलला, शेवटी. बार्शीटाकळीच्या वावरातही हेच. कॅनॉल आधी त्याच्या हिश्श्यातून, त्याचं भिजून उरलं तर मला. त्याचा हरभरा हिरवागार, माझा पिवळा. वाटणी वडिलांनी केली, त्याने नाही. तरी. आता अकोल्याला येऊन घरं बांधली तर इथेही तो वर, मी खाली.
हिला सांगितलं. "अवो, आता नेटले बी पाण्यावानी पाळी लावता का?" हसत सुटली.

८ जाने., गुरु.
प्लॅन वाढवला. ज.चा स्पीड शंभरचा. माझा आता तीनशेचा. तो फाटकात उभा होता, मुद्दाम मोठ्याने सांगितलं. म्हणे, "बाप्पा! तीनशे! भाऊ, कारखाना टाकून राहिले का?"
संध्याकाळपर्यंत बरं वाटलं.

११ जाने., रवि.
तीनशे, तरी पुतळाच. रेणू मग ज.कडे किती वेळ होती! पुढचा दात पडला, तो आधी त्याला दाखवला. मला हिच्याकडून कळलं. ज.ला नातवंडं नाहीत. वाईट वाटतं. पण म्हणून माझी न्यायची?
डावा हात जड वाटतो. बी.पी. असेल. ही म्हणते, त्या अंगावर झोपला होता.

१३ जाने., मंगळ.
नेटवाला येऊन गेला. त्याला म्हटलं, माझी तार ज.च्या आधी काढ. त्याला आधी समजेना, मग कपाळाला हात लावून हसला.
"काका, हे काही कॅनॉलचं पाणी नाही. टेलले बी तेवढंच येते. तीनशे पुरे येऊन राहिले तुमच्या घरात. तुमचा कॉम्प्युटरच चाळीसच्या वर घेत नाही, जुना हाय."
मग करू काय?
"चाळीसचाच प्लॅन घ्या. वायफाय सोडा, तार सरळ मशीनले लावतो. बोलताना बाकी सगळं बंद ठेवा, चित्र लहान ठेवा. भागते."
म्हणजे ज.ने माझं काही ओढलं नव्हतं. ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. मग आता रागवायचं कोणावर?

१५ जाने., गुरु.
ज. आला, कालचा तिळगूळ घेऊन. "भाऊ, रविवारी माह्याकडंच या ना. पोरगी दोघांले बी दिसन."
"मी काहून येऊ? माही नात हाय."
निघून गेलं तोंडातून. "हाय ना, तुमचीच हाय," म्हणाला. चहा ठेवला होता, थांबला नाही. हिने चहाखालचा गॅस बंद केला. तिळगूळ तसाच ताटलीत.

१८ जाने., रवि.
चाळीसचा प्लॅन. चित्र हाताच्या पंजाएवढंच, पण रेणू हलली! मान हलवली, हात हलवले. दाताची खिंड दाखवली. "नवा टोचतोय, दिसतो का?" मला काही दिसला नाही. दिसतो, दिसतो म्हटलं. एकदाही अडकली नाही.
मग म्हणाली, "आबा, छोट्या आबांना बोलवा ना. दोघं शेजारी शेजारी बसा."
भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. कॉम्प्युटर लावून बसला असणार, वाट बघत.
"झोपला असन," म्हटलं. सकाळचे दहा वाजले होते. ही दारात उभी होती, आत निघून गेली.
"मग उठले की सांगा हं आबा. मी घरीच आहे, थांबते."
ऊन अंगणात आलं. तो पलीकडे खोकतो आहे. अजून सांगितलं नाही.