नारळाच्या झाडांतला पूर

१४ सप्टेंबर १९७८

चि. नरसिंग,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे.

परवा टीव्हीवर आपल्या कयाधू नदीचा पूर दाखवला. जीव मुठीत धरून पाहते, तर पाण्यात नारळाची झाडं! हिंगोलीकडे नारळ कधीपासून पिकतात रे? मी जिथून निवृत्त झाले, त्या बातमीखात्यातल्या दिवट्यांनी कोकणातली जुनी फिल्म लावली होती.

फिल्म जोडणारी आपली कळमनुरीची अख्तरी म्हणाली होती, "सायब, हा आमच्याकडचा पूर न्हाई."

तिथले साहेब म्हणाले, "बाई, काळ्यापांढऱ्यात झाडं कोण बघतं?"

तिने जोडायला नकार दिला, तर दुसऱ्या दिवशी तिला रद्दीच्या खोलीत बसवलं. दर ईदला तिचा शीरखुर्मा ओरपणारे खात्यातले सगळे दोस्त माना खाली घालून बसले. खोटंसुद्धा नीटनेटकं असावं, एवढं तर शाळेत असताना आमच्या कॉन्व्हेंटच्या पोरींनाही कळत होतं.

निरोपाला "आपण एक कुटुंब" म्हणत याच साहेबांनी मला शाल-श्रीफळ दिलं होतं. काल शाल साहेबांच्या टेबलावर टाकून आले. म्हटलं, "नारळ तुमच्याकडे पुष्कळ आहेत."

आता खरं सांग, बाळापुरात पाणी कुठवर आलं? कमल आणि तुमची लेकरं कुठे आहेत? अख्तरीच्या आईलाही बघून ये. लगेच कार्ड टाक. अख्तरी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन आईचं विचारते, आणि मला तिला काही सांगता येत नाही.

तुझी,
अक्का