एका कॉम्प्युटरवरची दोन कुलपे

मी, श्रीमती अरुंधती अनंत मोघे, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार तळेगाव दाभाडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. गुडघे सोडले तर तब्येतही ठीक आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने मी हे लिहीत नाही. उलट यातला काही भाग लिहू नये असेच घरातल्या एकाचे मत आहे आणि ते मी पूर्ण ऐकून घेतले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे याची अंमलबजावणी माझी मुलगी आसावरी हिने करावी.

१. राहता फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला असून एकटीच्या नावावर आहे. तो मुलगा यशोधन आणि मुलगी आसावरी यांना निम्मा-निम्मा मिळावा. यशोधनने किंवा त्याच्या वतीने कोणीही आसावरीकडे हक्कसोडपत्र मागू नये. मागितल्यास त्या दिवसापासून सबंध फ्लॅट आसावरीचा. हे वाचून यशोधनला वाईट वाटेल. असे का लिहिले ते कलम चारमध्ये आहे, ते त्याने बसून वाचावे.

२. सोन्याच्या पाटल्या सून ऋचाला. मंगळसूत्र आणि मोत्यांच्या कुड्या आसावरीला. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी. पुस्तके टाकवे बुद्रुकच्या शाळेला द्यावीत. लोणावळ्याच्या ज्या शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले तिथे देऊ नयेत. तिथे मी आधी दिलेल्या पुस्तकांचे कपाट नंतर कधी उघडलेले पाहिले नाही.

३. हॉलमधला कॉम्प्युटर ऋचाला. घरातल्या सगळ्यांचे झाले की मग तिला तो मिळतो, हे मी रोज पाहते. तिने त्यावर स्वतःच्या नावाचे वेगळे खाते उघडून पासवर्ड घालावा आणि यशोधनने तो विचारू नये. नवरा-बायकोत लपवण्यासारखे काय असते, असे तो म्हणेल. त्याचे वडीलही हेच म्हणत.

४. या कलमाला जागा जास्त लागेल.

माझे पती कै. अनंत मोघे जमिनीच्या दस्तांचे मसुदे करून देत. सकाळी हॉलमध्ये पक्षकार बसत, हे कॉम्प्युटरवर दस्त टाइप करत, आणि मग सगळे मिळून वडगावला नोंदणीला जात. संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर आसावरीचा अभ्यास, यशोधनचे सिनेमे आणि माझ्या प्रश्नपत्रिका चालत. यंत्र एकच आणि खातेही एकच.

मार्च २००९ मध्ये टाकव्याचे हौशीराम आपली थोरली बहीण झुंबरबाई हिला घेऊन आले. वडिलांच्या जमिनीवर वारसांची नावे चढवायचा कागद आहे, असे त्यांनी तिला सांगितले होते. प्रत्यक्षात ते तिचे हक्कसोडपत्र होते. त्या जमिनीतला आपला वाटा मी भावासाठी राजीखुशीने सोडते, असा त्यात मजकूर होता. मला हे माहीत होते, कारण आदल्या संध्याकाळी प्रश्नपत्रिका करायला बसले तेव्हा तो मसुदा पडद्यावर उघडाच राहिला होता आणि मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता.

मी चहा घेऊन बाहेर गेले. झुंबरबाईला वाचता येत नाही. तिने माझे मनगट धरले आणि विचारले, "बाई, तुमी शिकलेल्या. ह्यात काय लिवलंय?"

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे कपातला चहा ढवळत राहिले. मी म्हणाले, "भाऊ सांगतात तेच आहे."

तिने माझे मनगट सोडले. त्याच दिवशी वडगावला जाऊन तिने अंगठा दिला.

त्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवर एक फाइल उघडली. तारीख, कोण कुठे बसले होते, कोण काय बोलले आणि मी काय बोलले, हे सगळे लिहिले. पुढे अशा बायका येतच राहिल्या, काही टाकव्याच्या, काही वराळ्याच्या. वराळ्याला तेव्हा इमारती येऊ लागल्या होत्या आणि भावांना बहिणींची आठवण होऊ लागली होती. प्रत्येकीचे एक पान केले. अशी तेवीस पाने झाली. मी एकीलाही थांबवले नाही. लिहून ठेवले म्हणजे आपले काम झाले, असे मला तेव्हा वाटत असे.

फाइलचे नाव मी 'पाककृती' ठेवले होते. अळूवडीचे प्रमाण पाहायला आसावरीने ती उघडली. एक पान वाचून ती स्वयंपाकघरात आली. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. ती एवढेच म्हणाली, "नाव बदलून काही लपत नाही, आई. पासवर्ड घाल." कसा घालायचा ते तिनेच शिकवले. विसरलीस तर ही फाइल कोणालाच उघडता येणार नाही, हे तीनदा बजावले. वाढदिवस घालू नकोस, चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवू नकोस, हेही सांगितले. त्या दिवसापर्यंत घरातल्या कुठल्याही वस्तूला मी एकटीने कुलूप लावले नव्हते.

वर्षभराने ह्यांना ती फाइल उघडेना. काय आहे म्हणून विचारले, तेव्हा माझे आहे, एवढेच मी सांगितले. ह्यांनी यशोधनला बसवले. त्याने घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस घालून पाहिले, आधी स्वतःचा. फाइल उघडली नाही. त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही. मात्र महिनाभरात कॉम्प्युटरवर आणखी एक कुलूपबंद फाइल दिसू लागली. तिचे नाव 'अनंत खासगी'. मीही विचारले नाही. पुढची आठ वर्षे आम्ही एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसलो, एकमेकांसाठी पंख्याचे बटण चालू ठेवून उठलो आणि आपापले कुलूप सांभाळले.

हे २०१९ मध्ये गेले. त्यांचा पासवर्ड त्यांच्या डायरीत, विम्याच्या हप्त्यांच्या पानावर सरळ लिहिलेला होता. फाइलमध्ये त्यांच्या स्वतःच्या व्यवहारांची यादी होती. त्यात माझे नाव होते. टाकव्याला झुंबरबाईच्या वडिलांच्याच जमिनीतला दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट हौशीरामकडून २०१० मध्ये माझ्या नावावर झाला होता. दस्त काढून पाहिला. फोटो माझा, अंगठा माझा, प्रत्येक पानावर सही माझी.

मग आठवले. मी निवृत्त झाले त्या महिन्यात फ्लॅटच्या कागदाचे काम आहे म्हणून हे मला वडगावला घेऊन गेले होते. ह्यांनी जिथे बोट ठेवले तिथे मी सही केली. मी वाचले नाही. मला वाचता येत होते, एवढाच माझ्यात आणि झुंबरबाईत फरक.

यानंतर सहा वर्षे मी काहीही केले नाही. त्याला देण्यासारखे कारण माझ्याकडे नाही.

या फेब्रुवारीत मी बेगडेवाडीला मैत्रीण चैताली हिच्याकडे गेले होते. परतताना दुपारच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनच्या बाकावर शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मी तिला ओळखले नाही, तिने मला ओळखले. ती झुंबरबाई होती. तिची लेक तिथेच जवळ राहते. हौशीराम वारल्याचे तिने सांगितले. गुडघ्यांचे विचारले. मग सरळ म्हणाली, "त्या दिशी कागदात काय व्हतं, बाई?"

मी सगळे सांगितले. मला आधीपासून माहीत होते, हे सांगितले. प्लॉटचेही सांगितले. गाडी आली आणि गेली.

ती म्हणाली, "ते मला कवाच कळलंय. उतारा काढला तवाच. तुमी सांगताय का न्हाई, त्येच बगायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी आणून फाइल उघडली आणि तिचे पान वाचून दाखवले. माझे वाक्य आले तिथे ती एकदा मान हलवून पुढे ऐकत राहिली. पानाची छापील प्रत तिने घडी करून कनवटीला लावली. वकील अमृता यांना विचारले असता इतक्या वर्षांनी न्यायालयात यश येणे कठीण आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. झुंबरबाईला न्यायालय नको आहे.

५. उरलेल्या बावीस पानांबाबत. ती मी स्वतः पोचवायला सुरुवात केली आहे. आजवर सहा पोचली. माझ्या हयातीत पोचवायची राहतील ती आसावरीने त्या-त्या बाईच्या हाती द्यावीत. ती हयात नसेल तर तिच्या मुलींच्या हाती. भावांच्या हाती देऊ नयेत. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवावे. कोणी नको म्हणाली तर तिच्यासमोर पान फाडावे आणि फाइलमधूनही काढावे. ही पाने वर्तमानपत्राला देऊ नयेत, मोबाइलवर पाठवू नयेत. ज्यांची आहेत त्यांच्याखेरीज ती कोणाची नाहीत. माझ्या पतीचे नाव आणि माझे नाव कुठेही खोडू नये. मृत्युपत्र अनेकांच्या हाती जाते, म्हणून पासवर्ड इथे लिहीत नाही. तो बंद पाकिटात आसावरीकडे आहे.

माझ्या पतीबद्दल एवढेच लिहिते की ते मला कधी टाकून बोलले नाहीत, माझ्या आजारपणात अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपले, आणि वरच्या कलमात लिहिले तेही त्यांनीच केले. यशोधनने दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक लक्षात ठेवण्यासाठी दुसरी विसरायची गरज नाही.

६. टाकव्याच्या दोन गुंठ्यांबाबत. हे मृत्युपत्रात लिहून ठेव, आत्ताच कशाला, असे यशोधनचे म्हणणे होते. झुंबरबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. ९ जून २०२५ रोजी तो प्लॉट मी बक्षीसपत्राने झुंबरबाईच्या नावावर केला आहे. तो आता माझा नाही, त्यामुळे या कलमाने मी कोणाला काही देत नाही. माझ्यामागे त्यावर कोणी हक्क सांगू नये, म्हणून इथे नोंद करते.

त्या दिवशी वडगावला आमचा नंबर यायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर मी तिला पूर्ण दस्त वाचून दाखवला. चतुःसीमा, गट नंबर, अटी, साक्षीदार, काहीही गाळले नाही. अवघड शब्द आला की थांबून सोपा करून सांगितला. शेजारची माणसे ऐकू लागली. आतून आमचे नाव पुकारले तेव्हा मी कागद मिटून उठू लागले. झुंबरबाई उठली नाही.

"त्येंना थांबू द्या जरा," ती म्हणाली. "तुमी पुन्यांदा वाचा."

मी बसले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले.

वर लिहिलेले सर्व माझे आहे आणि मी ते सही करण्यापूर्वी वाचले आहे.

ठिकाण: तळेगाव दाभाडे
दिनांक: २१ जून २०२५

(सही) अरुंधती अनंत मोघे

अरुंधतीबाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) चैताली नितीन शेटे, बेगडेवाडी
२. (सही) ॲड. अमृता सत्यम गराडे, वडगाव मावळ