कडू लागलं की कडू म्हण

प्रिय चिमणे,

एकाच दवाखान्यात काम करून बहिणीला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. पण समोर आले की तू तोंड फिरवतेस.

आज अधीक्षक साहेबांशी माझी चांगलीच जुंपली. नवे मास्क आल्यापासून मी प्रत्येक नर्सची परीक्षा घेते आहे. मास्क लावायचा, डोक्यावरून गळ्यापर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकचं टोपडं चढवायचं, आत कडू फवारा सोडायचा. जीभ कडू झाली तर फटीतून हवा शिरते आहे, म्हणजे विषाणूही शिरणार. हे मास्क मोठ्या चेहऱ्यांच्या मापाचे. बहुतेक जणी तोंड वाकडं करूनच बाहेर आल्या. साहेब म्हणाले, “नाकातोंडावर आहे ना? मग झालं! पास करा सगळ्यांना.” मी म्हटलं, “साहेब, चाळणी डोक्यावर धरून पाऊस लागायचा थांबतो का?” लालबुंद झाले. सह्या करा नाहीतर खुर्ची सोडा, म्हणाले. खुशाल न्यावी खुर्ची, तिचा एक पाय तसाही लंगडा आहे. सही मिळणार नाही.

घरी आल्यावर मात्र माझी मीच उलटतपासणी घेत बसले. नापास झालेलीला साथीच्या वॉर्डात सोडत नाही, मग आतल्या रुग्णांचं काय? मास्क नीट बसतो अशा आम्ही मोजक्या जणी जादा पाळ्या करतोय, पण किती दिवस रेटणार? आणि तू बहीण नसतीस तर मी इतकी अडून बसले असते का? खरं सांगू, ठाऊक नाही. पण माझ्या धाकटीला जे नको, ते दुसऱ्या कुणाच्या लेकीला कसं चालेल, एवढं कळतं.

तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “काही कडूबिडू नाही, ताई, कर पास.” मैत्रिणी आत राबताहेत आणि आपण बाहेर, हे तुला सोसवत नाही. पण लहानपणी आई औषध पाजायची तेव्हा तुझा डावा डोळा बारीक व्हायचा. टोपड्याआड तोच डोळा बारीक झालेला मी पाहिला आणि तुला नापास केलं. आता साहेब तुझाच शब्द धरून बसलेत: सख्खी बहीण कडू नाही म्हणते, मग हट्ट हिचाच! उद्या त्यांच्यासमोर तुझी पुन्हा परीक्षा आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. टोपडं घाल, आणि कडू लागलं की कडू म्हण. मोठ्याने. लहान मास्क येईपर्यंत तुझी पाळी मी करते.

तुला नापास करणारी, तरी तुझीच,
ताई