बाभूळमाळाची हरकत

बाभूळमाळ, सोलापूर
१२ सप्टेंबर १९७७

चि. चनमल्लप्पा यास शिवक्काचे अ. उ. आ.

आम्ही सगळे बरे आहोत, जीव मात्र ठिकाणावर न्हाय. शहराच्या नव्या आराखड्याचा नकाशा लोकांना बघायला लावलाय. धुळा गवंडी बघून आला. म्हणाला, आपल्या माळावर नुसता जांभळा रंग हाय, एक घर दाखवलेलं न्हाय. जांभळा म्हणजे कारखान्यांची जागा. चाळीस घरं उठणार. तुझे दाजी गेल्यापासून हे घर आणि दोन हातमाग, एवढ्यावरच मी निलाला शाळा शिकवतेय.

तू पुण्याला नकाशेच काढतोस की. एखादी रेघ इकडची तिकडं कर. भाऊ कुठल्या दिवसासाठी असतो?

निला मामाची आठवण काढते. लोभ हायच, उत्तर तेवढं लगेच यावं.

तुझी, शिवक्का


पुणे
१७ सप्टेंबर १९७७

ती. शिवक्कास चनमल्लप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. पण अक्का, ते माझ्याकडून होणार नाही. सोलापूरचा नकाशा माझ्या टेबलावर नाही, आणि असता तरी चोरून ओढलेली रेघ उद्या दुसरा कोणी चोरूनच पुसेल. रागाव, पण पुढचं वाच.

नकाशा जुन्या मोजणीवरून केलेला दिसतो. तेव्हा तिथं खरंच मोकळा माळ होता. साठ दिवसांत कुणालाही लेखी हरकत घेता येते. घराघराची मापं घ्या, तुमचा तुम्ही नकाशा काढा, सह्या-अंगठे घ्या. एक अडचण मात्र आहे. नुसता पिवळा, म्हणजे राहत्या वस्तीचा रंग मागितलात तर घरं वाचतील, पण आजच्या नियमाप्रमाणे तिथं माग चालवता येणार नाहीत. म्हणून दोन्ही मागा, रंगही आणि नियमात बदलही.

निलाला आशीर्वाद. राग ओसरला की दोन ओळी पाठव.

तुझा, चनमल्लप्पा


बाभूळमाळ
२२ जानेवारी १९७८

चि. चनमल्लप्पा यास अ. उ. आ.

राग आला होता. चार दिवस तुझं पत्र फळीवर पडून होतं. मग धुळ्याला हाक मारली. त्यानं टेप धरला, आम्ही बायकांनी दुसरं टोक. शेजारच्या गुरम्मानं आधी दारच लावून घेतलं. माप घेतलं की घर जातं असं तिला वाटलं. निलानं आलेखाच्या कागदावर सगळं उतरवलं. चाळीस घरं, एकाहत्तर माग. सह्या-अंगठे घेऊन हरकत मुदतीत दिली, रंग आणि नियम दोन्ही मागितले.

परवा सुनावणी झाली. साहेब म्हणाले, घरं दिसतायत, रंगाचा विचार करू. पण माग म्हणजे धंदा, तो राहत्या वस्तीत बसत नाही. मी उठून बोलले, "साहेब, आमची चूल आणि माग एकाच छपराखाली हायेत. नियमानं मधे भिंत घातली, तर आमी ऱ्हायचं कुटं?"

साहेब म्हणाले, स्वतः येऊन बघतो. आणि काल खरंच आले! गुरम्माच्या घरात मागाशेजारी तिचं नातवंड निजलं होतं. घर कुठलं आणि कारखाना कुठला, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मला पन अजून कळलेलं न्हाय. साहेब हसले आणि वहीत काहीतरी लिहून गेले.

काय लिहिलं असेल रे? कळव, आणि जेवत जा.

शिवक्का


पुणे
१ फेब्रुवारी १९७८

ती. शिवक्कास शि. सा. न. वि. वि.

काय लिहिलं ते मलाही कळायची सोय नाही. सरकारी मंजुरीला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. माग थांबवू नकोस. तू साहेबापुढं उभी राहिलीस हे मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. दोघांनी तुझं नाव विचारून घेतलं.

कृपा असावी, आणि थोडी धीराचीही असावी.

चनमल्लप्पा


बाभूळमाळ
९ मार्च १९७९

चि. चनमल्लप्पा यास अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

मंजूर झालं. आपला माळ पिवळा झाला. आणि नियम? राहत्या घरात चार हातमागांपर्यंत मुभा, तीही साऱ्या शहरात. ज्यांनी हरकतीचा कागद पाहिलाही न्हाय, त्यांचेही माग वाचले. सकाळपासून लांबलांबच्या वस्त्यांतली माणसं येऊन हात जोडतायत, आणि मला तोंड कुठं लपवावं कळत न्हाय. तू रेघ ओढली असतीस तर आपली चाळीसच घरं वाचली असती, तीही भीत भीत. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

कचेरीनं नवा नकाशा दोन दिवसांसाठी दिला. त्यावर 'बाभूळमाळ' असं छापलंय, आणि घराघराचा एकेक ठिपका. निलानं मोठ्यानं वाचलं तेव्हा धुळा गवंडी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. गुरम्मानं विचारलं, ह्यात माजं घर कुटलं. मी ठिपक्यावर बोट ठेवून दाखवलं. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात तिनं त्या ठिपक्याला कुंकू लावलं. तिचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या घराला लावलं. चाळीस ठिपके लालभडक!

उद्या नकाशा परत करायचाय. साहेबांना काय सांगू, तेवढं तारेनं कळव.

तुझी, शिवक्का